तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरचा तो शेअर

आमच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस चहाचा कप हातात घेऊन हॉलमध्ये फिरतो, गणपतीच्या फोटोपाशी क्षणभर थांबतो आणि शेजारच्या फ्रेमकडे बघून विचारतो, "अहो, हे काय? तुम्ही फुटबॉल टीमचे मालक?" भारतातून आलेले नातेवाईक तर हमखास. मागच्या खेपेला मेव्हण्याने पुढचाही प्रश्न विचारला, "आज विकला तर किती येतील?"

काही नाही येणार. तो विकताच येत नाही.

फ्रेममध्ये आहे ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा एक शेअर. अमेरिकन फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायचा, तो खेळ. २०११ च्या डिसेंबरात स्टेडियम वाढवायला पैसे हवे होते म्हणून संघाने शेअर काढले, तेव्हा २५० डॉलर देऊन घेतला. त्या वेळचे साधारण तेरा हजार रुपये. त्यावर लाभांश मिळत नाही, भाव चढत नाही, सामन्याचं तिकीटही मिळत नाही. साखर कारखान्याच्या सभासदाला निदान दिवाळीला साखर तरी मिळते. मला वर्षातून एकदा मतपत्रिका येते. माझी सगळी नोकरी इथल्या फॉक्स नदीकाठच्या पेपर मिलमध्ये गेली, म्हणून एवढं सांगू शकतो की कागद मात्र उत्तम वापरलाय.

"मग घेतलाच कशाला?" हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर चहा संपेपर्यंत होत नाही, म्हणून लिहून काढतोय.

ग्रीन बे हे विस्कॉन्सिन राज्यातलं लाख-सव्वा लाख वस्तीचं गाव. आपल्या पंढरपूरएवढं म्हणा. अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, बत्तीस संघ आहेत. न्यूयॉर्क, शिकागो, डॅलस अशी शहरं आणि त्यांचे अब्जाधीश मालक. त्यांच्यात हे एवढंसं गाव. संघ काढला १९१९ साली कर्ली लॅम्बो नावाच्या तरुणाने आणि गावच्या वर्तमानपत्रातल्या जॉर्ज कॅलहूनने. लॅम्बो मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीत कामाला होता. जर्सीसाठी कंपनीने ५०० डॉलर दिले, म्हणून नाव पॅकर्स. मैदानाला कुंपण नव्हतं, त्यामुळे तिकीट कोण काढणार? खेळ चालू असताना प्रेक्षकांत टोपी फिरवायचे. आपल्याकडे तमाशात, भजनात ताट फिरतं तशी.

संघ बुडायला आला की गावाने वर्गणी काढायची, हा इथला शिरस्ता. १९२३ मध्ये पहिल्यांदा शेअर विकले, पाच डॉलरला एक. नंतर एक प्रेक्षक स्टँडवरून पडला, कोर्टात गेला, निकाल त्याच्या बाजूने लागला आणि नेमकी तेव्हाच संघाची विमा कंपनी बुडाली. १९३५ ला पुन्हा शेअर. मग १९५०, १९९७, २०११, २०२१. आज पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत आणि कोणा एकाला दोन लाखांपेक्षा जास्त शेअर ठेवता येत नाहीत. सगळ्यात हुशारीचं कलम वेगळंच आहे. संघ विकला तर पैसे भागधारकांना मिळत नाहीत, ते धर्मादाय कामाला जातात. म्हणजे संघ मोठ्या शहराला विकून कोणाचाच खिसा भरत नाही, मग विकेल कोण? असा गावकीचा संघ आता नव्याने काढायला लीगची परवानगी नाही. पॅकर्स जुने, म्हणून चालतात.

अर्थात नुसत्या वर्गणीवर हे निभावलं नसतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून टीव्हीचे पैसे सगळ्या संघांत सारखे वाटले जातात. न्यूयॉर्कला जेवढा वाटा, तेवढाच ग्रीन बेला. हे झालं नसतं तर माझी फ्रेम रिकामी असती.

खेळाडूंचं म्हणाल तर सुरुवात डॉन हटसनपासून करावी लागेल. १९३५ ते १९४५ या अकरा हंगामांत त्याने पास झेलून ९९ टचडाउन केले (चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की टचडाउन), तेही फारसं कोणी पास टाकत नव्हतं अशा काळात. लॅम्बोच्या हाताखाली संघाने सहा अजिंक्यपदं जिंकली. मग उतरती कळा, आणि १९५८ मध्ये बारा सामन्यांत एकच विजय.

पुढच्या वर्षी प्रशिक्षक म्हणून व्हिन्स लोम्बार्डी आला. ब्रुकलिनच्या खाटकाचा मुलगा, शिस्तीचा कडक. गावातल्या ज्या बारमध्ये काळ्या खेळाडूंना नीट वागवणार नाहीत, तिथे माझा एकही खेळाडू पाऊल ठेवणार नाही, असं त्याने बजावलं होतं. बारवाल्यांना हे लगेच कळलं. सात वर्षांत पाच अजिंक्यपदं. सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकणाऱ्याला आज जी ट्रॉफी मिळते, ती याच्याच नावाची.

त्याचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा आणि डाव चालवणारा खेळाडू, बार्ट स्टार. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत सतराव्या फेरीत, दोनशेव्या क्रमांकावर उचललेला. ३१ डिसेंबर १९६७ ला डॅलस काउबॉइजविरुद्धचा सामना इथली माणसं अजून काल झाल्यासारखा सांगतात. तापमान उणे २५ सेल्सिअस. लोम्बार्डीने हौसेने मैदानाखाली तापवणाऱ्या तारा घातल्या होत्या, त्या ऐन वेळी बंद पडल्या आणि मैदान गोठलं. पंचांच्या धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटायला लागल्या, तेव्हा त्यांनी तोंडाने ओरडूनच खेळ चालवला. शेवटची सोळा सेकंदं, पॅकर्स तीन गुणांनी मागे, टचडाउनची रेषा हातभर लांब. किक मारून बरोबरी साधता आली असती. स्टारने चेंडू दुसऱ्याला द्यायचा ठरला होता, पण त्या बर्फावर कोणाचाच पाय ठरत नव्हता. तो चेंडू पोटाशी धरून स्वतःच जेरी क्रेमरच्या मागून घुसला. २१-१७. पन्नास हजार लोक होते स्टेडियममध्ये. मिलमधल्या जुन्या मंडळींना विचारलं तर दोन लाख तरी असावेत, कारण प्रत्येक जण "मी होतो" म्हणतो.

त्यानंतरची पंचवीसेक वर्षं मी पाहुण्यांना सांगत नाही. सांगण्यासारखं काही नाही.

मी इथे आलो १९९६ मध्ये. तेव्हा क्वार्टरबॅक ब्रेट फार्व ऐन भरात होता. अंगात आल्यासारखा खेळायचा. अशक्य पास टाकायचा आणि तितक्याच सहजपणे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात द्यायचा. आमच्या बचावफळीत रेजी व्हाइट, धर्मोपदेशक आणि समोरच्याला उचलून बाजूला ठेवणारा. १२ जानेवारी १९९७ ला मिलमधल्या एका सहकाऱ्याच्या बायकोला ताप आला आणि सामन्याचं तिचं तिकीट मला मिळालं. तापमान उणे १६. बसायला ॲल्युमिनियमची बाकं. सहकाऱ्याने गाडीतून दोन खोके काढले, फाडून सपाट केले आणि एक माझ्या पायाखाली सरकवला. "काँक्रीटवर बूट टेकवू नकोस." आजूबाजूला पाहिलं तर सगळ्यांच्या पायाखाली पुठ्ठे. आयुष्यभर पुठ्ठ्याची जाडी मोजत आलो, पण त्याचा हा उपयोग त्या दिवशी कळला. नियम एकही कळत नव्हता. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, एवढंच सहकाऱ्याने मफलरमधून सांगितलं. आम्ही ३०-१३ ने जिंकलो. 'आम्ही' हा शब्द तोंडातून कधी निघाला, ते मलाही समजलं नाही. दोन आठवड्यांनी सुपर बोलही जिंकला, तो मात्र घरात हीटरशेजारी बसून बघितला.

फार्वनंतर ॲरन रॉजर्स. तीन वर्षं बाकावर बसला, मग २०१० च्या हंगामाचा सुपर बोल पिट्सबर्गविरुद्ध ३१-२५ ने जिंकून दिला. तो २०२३ मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि जॉर्डन लव्ह आला, त्यानेही आधी तीन वर्षं बाकच सांभाळलं. माझ्या मते रॉजर्स फार्वपेक्षा सरस. हे वाक्य ग्रीन बेच्या न्हाव्याकडे बोलायचं नाही.

२०१२ च्या जुलैत वार्षिक सभेला गेलो. स्टेडियमच्या स्टँडमध्ये हजारो मालक, बरेचसे हिरव्या जर्सीत, आणि खाली व्यासपीठावर जमाखर्च वाचून दाखवताहेत. हिशेब असे जाहीर करणारा लीगमधला हा एकच संघ. शेजारी बसलेल्या आजीबाईंनी पर्समधून चीजचे तुकडे काढून मला दिले आणि मग डोळे मिटून घेतले. आमच्या सोसायटीच्या सभेत पोह्यांनंतर व्हायचं तसंच.

मेव्हण्याचा शेवटचा प्रश्न होता, "तुमच्यानंतर?" शेअर घरातल्या घरात नावावर करता येतो, तेवढीच सवलत आहे. म्हणून मुलीला फोन केला. ती शिकागोत असते, आणि तिचा नवरा बेअर्सवाला. बेअर्स म्हणजे शिकागोचा संघ, पॅकर्सचं १९२१ पासूनचं हाडवैर. ती म्हणाली, "कर की माझ्या नावावर. पण बाबा, माझ्यानंतर तो ह्याच्याकडे जाईल."

फ्रेम अजून आमच्याच भिंतीवर आहे.