तुम्ही विचारलंत म्हणून: दोघांनी चार देश, जमिनीवरून

‘टूरवाल्याशिवाय, दोघांनीच, थायलंड-लाओस-व्हिएतनाम-कंबोडिया जमिनीवरून होतं का? आखणी कुठून सुरू करायची?’ दादरपासून डोंबिवलीपर्यंत कुणीही भेटलं की हे विचारतं. होतं. फक्त हॉटेलं आणि देवळं शोधत बसू नका, आधी सीमाचौक्या ठरवा. कुठल्या चौकीतून कुठल्या तारखेला आत शिरायचं हे पक्कं झालं की मधला रस्ता आपोआप दिसतो.

मुंबईहून म्यानमारमार्गे जाण्याचं सध्या डोक्यातून काढा आणि बँकॉकपर्यंत विमान घ्या. थायलंडचे आपल्यासाठीचे प्रवेशाचे नियम सारखे बदलतात, ते तिकीट काढायच्या आधी बघा. डिजिटल आगमन कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. सहार विमानतळावर चेक-इन काउंटरवर पुढचं तिकीट मागू शकतात आणि तिथे ‘आम्ही बसने सीमा ओलांडणार’ हे उत्तर चालेलच असं नाही. म्हणून परतीचं विमान आधीच काढलेलं बरं.

ते परतीचं विमान कुठून, यावर व्हिसा अवलंबून आहे. थायलंड-कंबोडिया सीमा २०२५ च्या संघर्षात बंद झाली, तेव्हा बँकॉक ते कंबोडियातलं सिएम रीप हा जुना सोपा रस्ता धरून आखू नका. आमच्या मते क्रम असा: उत्तर थायलंड, लाओस, व्हिएतनाम उत्तरेकडून दक्षिणेकडे, शेवटी कंबोडिया. कंबोडियातून हो ची मिन्ह सिटीला परतून मुंबईचं विमान धरणार असाल, तर व्हिएतनामचा एकदाच प्रवेशाचा २५ डॉलरचा ई-व्हिसा पुरत नाही, अनेकदा प्रवेशाचा ५० डॉलरचा लागतो. पंचवीस डॉलर वाचवायला जाऊन सीमेवर अडकणारे बरेच.

या ई-व्हिसाच्या फॉर्मवर वेळ घालवा. मुदत ९० दिवसांपर्यंत मिळते. आत शिरण्याची चौकी फॉर्ममध्येच निवडायची असते, आणि ती ई-व्हिसा चालणाऱ्या चौक्यांच्या यादीत असली पाहिजे. लाओसहून व्हिएतनाममधल्या दिएन बिएन फूकडे जाणारी ‘तेय चांग’ चौकी त्या यादीत आहे. व्हिसावरच्या तारखेच्या आधी आत घेत नाहीत, उशिरा गेलात तर चालतं. तेव्हा व्हिसाची सुरुवातीची तारीख प्रत्यक्ष शिरण्याच्या आठवडाभर आधीची टाका, ९० दिवसांतले सात गेले तरी बिघडत नाही. आपल्याकडचा खरा घोळ नावाचा. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ‘दिलेल्या नावात’ (गिव्हन नेम) असतं. ते गाळू नका. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी ज्या दोन ओळी असतात, त्यांत नाव जसं आहे तसंच भरा. दोघांचे अर्ज वेगळे भरायचे.

थायलंडमध्ये चियांग राय ते चियांग खोंग बसला दोन-अडीच तास लागतात. लाओसला नेणारा मेकाँग नदीवरचा मैत्री पूल गावापासून लांब आहे आणि तो चालत ओलांडू देत नाहीत, शटल बस घ्यावी लागते. पुलाच्या अलीकडे गाड्या डावीकडून, पलीकडे उजवीकडून! लाओसचा व्हिसा चौकीवर मिळतो. फोटो आणि रोख डॉलर जवळ ठेवा. नोटा कोऱ्या हव्यात, चिमूटभर फाटलेली नोटही परत करतात. फोर्टमध्ये डॉलर घेताना काउंटरवरच एकेक नोट उलटून बघा आणि सुट्या लहान नोटा मागून घ्या.

पुलापलीकडचं हुए साय ते लुआंग प्राबांग ही संथ बोट दोन दिवसांची आहे, मुक्काम पाकबेंगला. सीमा आदल्या दिवशीच ओलांडा, त्याच सकाळी ओलांडून बोट गाठायची म्हणजे धावपळ. मागच्या बाजूला इंजिन आणि संडास, म्हणून लवकर जाऊन पुढची जागा धरा. जेवण बरोबर घ्या. बोट लुआंग प्राबांग गावात लागत नाही, धक्क्यापासून टुकटुक करावी लागते. मार्च-एप्रिलमध्ये नदीचं पाणी उतरतं आणि शेतं जाळल्याचा धूर कोंडतो, म्हणून निघायचं नोव्हेंबरअखेर. मध्य व्हिएतनामला ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर येतात, तेही तोवर ओसरतात. हनोईत जानेवारीत थंडी असते, स्वेटर लागतो.

पुढे लाओसच्या राजधानीला, व्हिएनतियानला जायचं असेल तर डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली रेल्वे दोनेक तासांत नेते. स्टेशनवर सामान तपासतात आणि चाकू, स्प्रेचे डबे काढून घेतात. उरलेले किप, म्हणजे लाओसचं चलन, लाओसमध्येच संपवा, बाहेर कुणी घेत नाही.

व्हिएतनाममध्ये हनोई ते हो ची मिन्ह सिटी रेल्वेमार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे. तो एका दमात करू नका, ह्युए आणि दा नांगला उतरा. झोपायचा डबा चार बर्थचा असतो, खालचा बर्थ महाग. शाकाहारींनी पाटीवर ‘चाय’ शोधावं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहारी पदार्थ जास्त ठिकाणी मिळतात. चांद्र नववर्षाच्या, म्हणजे तेतच्या, आठवड्यात मात्र रेल्वेची तिकिटं आधीच संपलेली असतात आणि बरीच दुकानं बंद.

कंबोडियाला मोक बाय-बावेत चौकीतून जा. बसमधला माणूस पासपोर्ट गोळा करून वरचे डॉलर मागतो, पण कंबोडियाचा ई-व्हिसा आधीच काढलेला असेल तर त्याला नाही म्हणता येतं. अंकोरच्या मंदिरांचा पास एका दिवसाचा ३७, तीन दिवसांचा ६२ आणि सात दिवसांचा ७२ डॉलर. सात दिवसांचा घ्या. तो महिनाभरात सवडीने वापरता येतो, रोज जावं लागत नाही.