तुम्ही विचारलंत म्हणून : बॉल हातात न येणाऱ्या जागी मी का खेळलो

ऑगस्ट लागला की मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात मला कोणी ना कोणी हे विचारतंच. मी ओहायोत, अ‍ॅक्रनच्या बाजूला राहतो. नोकरी इंजिनिअरची, आणि संध्याकाळी इथल्या एका पब्लिक हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये ऑफेन्सिव्ह लाइनचा असिस्टंट कोच. शाळेत असताना मी स्वतःही याच लाइनमध्ये, गार्डच्या जागी खेळलो. हे कळलं की एखाद्या काकू म्हणतात, "अरे, पण बॉल तुझ्या हातात कधी यायचाच नाही म्हणतोस, मग तू खेळायचास काय?" आणि मागोमाग, जरा आवाज उतरवून, दुसरा प्रश्न येतो. तो बहुतेक वेळा सातवी-आठवीतल्या मुलांच्या आईवडिलांचा असतो : "डोक्याला मार लागतो, त्याचं काय?" हातात प्लेट धरून उभ्या उभ्या या दोन्हींचं उत्तर धड देता येत नाही. म्हणून लिहायला बसलो.

आधी काकूंचा प्रश्न घेतो. मैदानात एका टीमचे 11 जण असतात. बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांना चार डाउनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, 10 यार्ड पुढे जायचं असतं. गेले तर पुन्हा चार डाउन, नाही तर बॉल समोरच्यांचा. बॉल जिथे ठेवतात तिथे आडव्या रेषेत मधोमध पाच जण असतात : सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, त्यांच्या बाहेर दोन टॅकल. यांचे नंबर 50 ते 79 मधले. पुढे फेकलेला पास यांनी झेलायचा नाही, असा नियमच आहे. सेंटर तेवढा पायांमधून बॉल मागे देतो आणि प्ले सुरू होतो. बाकी चौघांचा बॉलशी संबंध आलाच तर तो कोणाच्या हातून निसटून जमिनीवर पडल्यावर. क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकणाऱ्याला, पास टाकायला साधारण तीन सेकंद लागतात आणि समोरचे धिप्पाड गडी त्याला आडवा करायला निघालेले असतात. ते तीन सेकंद हे पाच जण कमावून देतात. पळायचा प्ले असेल तर पळणाऱ्यासाठी वाट काढून देतात.

बाबा सांगलीत असताना कबड्डी खेळलेले. माझा पहिला गेम बघायला आले तेव्हा बॉल कुठे गेला हे त्यांना एकदाही धड कळलं नाही. परत येताना गाडीत मात्र म्हणाले, "तुमची ती पाच जणांची साखळी आहे रे. एक जण आधी सुटला की सगळं गेलं." लाइनबद्दल याहून नेमकं बोललेलं मी नंतर फार कमी वेळा ऐकलं.

आता खेळायचं म्हणजे नक्की काय, ते जवळून सांगतो. लाइनमन एक हात जमिनीवर टेकून बसतो. त्या हाताच्या बोटांकडे बघा. बोटांवर जोर पडून नखं पांढरी झाली असतील, तर गडी पुढे झेपावणार, म्हणजे पळायचा प्ले आहे हे समोरच्याला कळतं. बोटं नुसती टेकलेली असतील तर तो मागे सरकणार, म्हणजे पास. चांगला डिफेन्सवाला ही नखं वाचतो. म्हणून नववीतली नवी मुलं आली की पहिला आठवडा आम्ही कोणालाही ढकलत नाही. नुसतं बसायला शिकवतो, प्रत्येक वेळी तसंच, बोटांवर तेवढंच वजन ठेवून.

मग पहिलं पाऊल. ते सहा इंचांचं. मुलांना लांब टांग टाकायची हौस असते, पण टांग हवेत असताना समोरच्याने धक्का दिला की माणूस गेलाच. पहिलं पाऊल छोटं टाकायचं ते दुसरं पाऊल धक्क्याच्या आधी जमिनीवर यावं म्हणून. ज्याचं दुसरं पाऊल आधी टेकतं तो बहुतेक वेळा जिंकतो. हात आतून, कोपरं बरगड्यांपाशी, अंगठे वर, तळवे समोरच्याच्या छातीवर. हात बाहेरून गेले आणि जर्सी धरली की होल्डिंग, 10 यार्डांचा दंड. आणि जो खाली राहील त्याची सरशी. सगळे कोच 'लो मॅन विन्स' म्हणून ओरडत असतात ते यासाठीच. माझ्या हाताखाली बारीक अंगाची मुलं खेळली आहेत आणि आपल्यापेक्षा वजनाने कितीतरी जास्त असलेल्यांना त्यांनी पाच-पाच यार्ड मागे रेटलंय. गुडघे वाकलेले, पाठ सरळ, पाय चालू. पाय थांबले की ब्लॉक संपला.

मला सगळ्यात प्रिय गोष्ट मात्र ताकदीची नाही. समोरचे दोघं कधीकधी एकमेकांना ओलांडून जागा बदलतात, याला स्टंट म्हणतात. गार्डच्या समोरचा टॅकलकडे जातो, टॅकलच्या समोरचा त्याच्या मागून आत घुसतो. अशा वेळी आपल्या समोरच्याच्या मागे जायचं हा माणसाचा स्वभाव आहे, आणि तसं केलं की दोघं ब्लॉकर एकमेकांवर आदळतात आणि मधून रस्ता उघडा पडतो. करायचं असतं ते उलटं. आपला गडी शेजाऱ्याकडे सोपवायचा आणि आपण तिथेच थांबून जो येईल त्याला घ्यायचा. तो अजून आलेला नसतो. त्या अर्ध्या सेकंदात समोर कोणीच नसतं, आणि तरीही हलायचं नाही. हे पंधरा वर्षांच्या मुलाला शिकवणं फार अवघड असतं, कारण त्यासाठी शेजारच्यावर भरवसा लागतो आणि भरवसा काही फळ्यावर काढून दाखवता येत नाही. आमच्याकडचे एक गार्ड-टॅकल सप्टेंबरभर यावरून एकमेकांवर चिडत होते. ऑक्टोबरात एका शुक्रवारी त्यांनी तो बदल इतका सफाईने केला की क्वार्टरबॅकला आजूबाजूला काही घडलं याचा पत्ताही लागला नाही. पास पूर्ण झाला, स्टँडमधले सगळे झेलणाऱ्यासाठी उभे राहिले. हे दोघं मात्र साइडलाइनला माझ्याकडे बघत होते, मला दिसलं की नाही एवढंच त्यांना हवं होतं. मला दिसलं होतं.

कोच म्हणून माझं काम बरंचसं हेच आहे. पळणाऱ्याचे यार्ड मोजतात, झेलणाऱ्याचे कॅच मोजतात, क्वार्टरबॅकचं तर सगळंच मोजतात. लाइनमनच्या नावापुढे वर्तमानपत्रात काहीही येत नाही, आणि लाउडस्पीकरवर त्याचा नंबर ऐकू येतो तो दंड झाला तर. म्हणून शनिवारी सकाळी आम्ही व्हिडिओ लावून प्रत्येक प्लेला प्रत्येकाला गुण देतो : पाऊल बरोबर पडलं का, माणूस योग्य घेतला का, शिट्टी वाजेपर्यंत सोडला नाही ना. तो कागद लॉकर रूममध्ये लागला की मुलं आधी स्वतःचे गुण बघतात, मग शेजारच्याचे. त्या कागदावर मी कधीच घाई करत नाही.

आमच्या भागात या कामाला मान आहे, हेही सांगायला हवं. इथून अर्ध्या तासावर कँटन. 1920 साली तिथल्या एका मोटारीच्या शोरूममध्ये बसून लोकांनी जी संघटना काढली, तीच पुढे एनएफएल, म्हणजे इथली व्यावसायिक फुटबॉल लीग झाली. शेजारच्या मॅसिलनमध्ये गावात मुलगा जन्मला की शाळेच्या टीमचे पाठीराखे त्याच्या पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवतात. आणि क्लीव्हलँड ब्राउन्सचा जो थॉमस. डावा टॅकल. 2007 ला पहिला गेम खेळला तिथपासून 2017 मध्ये दंडाचा स्नायू फाटेपर्यंत सलग 10,363 प्ले, एकही न चुकवता. क्वार्टरबॅक येत-जात राहिले, टीम हरत राहिली, प्लेऑफचा एक गेम त्याच्या वाट्याला आला नाही. 2023 मध्ये कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं. इथल्या मुलांना मी त्याच्या पायांचे व्हिडिओ दाखवतो.

आता दुसरा प्रश्न. धोका आहे. "काही होत नाही हो" असं मी कुठल्याही आईला सांगत नाही. पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर माइक वेब्स्टर 2002 मध्ये वारला. त्याच्या मेंदूची तपासणी डॉ. बेनेट ओमालू यांनी केली आणि 2005 मध्ये तिच्यावरचा लेख प्रसिद्ध झाला. सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार धक्के बसून होणारा मेंदूचा आजार, हा शब्द घरोघरी पोचला तो तिथून. वेब्स्टर लाइनमन होता हे मी विसरू शकत नाही. एखाद्या मोठ्या टकरीएवढीच भीती लहान लहान धक्क्यांची असते. ज्यांनी माणूस बेशुद्ध पडत नाही, चक्करही येत नाही, असे धक्के वर्षानुवर्षं साठत जातात, आणि ते सगळ्यात जास्त बसतात ते लाइनमधल्यांना.

या खेळाला बदलायला लावावं लागतं आणि तो बदलतो, हेही तितकंच खरं. 1905 मध्ये मैदानावर इतके खेळाडू मेले की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्याच वर्षी पुढे पास टाकायला परवानगी मिळाली आणि दोन लाइनींच्या मध्ये बॉलच्या लांबीइतकी मोकळी जागा आली. 1976 मध्ये शाळा-कॉलेजांत डोकं पुढे करून धडक देण्यावर बंदी आली, आणि मानेला मार लागून मुलं लुळी पडण्याचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. ओहायोत 2013 पासून कायदा आहे : कन्कशनचं, म्हणजे मेंदूला धक्का बसल्याचं, लक्षण दिसलं की मुलाने बाहेर यायचं, त्या दिवशी परत जायचं नाही, आणि नंतरही लेखी परवानगीशिवाय नाही. बाहेर काढण्याबाबत मी हुज्जत ऐकून घेत नाही, मुलाचीही आणि बापाचीही. आठवड्याच्या प्रॅक्टिसमध्ये पूर्ण अंगाने भिडणं आम्ही फार थोडा वेळ करतो. मी वर सांगितलेलं जवळजवळ सगळं, बसणं, पाऊल, हात, सोपवणं, हे पॅडवर, स्लेडवर (ढकलायच्या जड सांगाड्यावर) किंवा अर्ध्या वेगाने शिकवता येतं. पूर्वी ते तसं शिकवत नसत.

डोक्याबद्दल सगळे विचारतात, उन्हाबद्दल कोणी विचारत नाही. कोरी स्ट्रिंगर आमच्याच ओहायोतल्या वॉरनचा, मिनेसोटा व्हायकिंग्जचा उजवा टॅकल. 2001 च्या जुलैअखेर प्रॅक्टिसमध्ये कोसळला आणि 1 ऑगस्टला उष्माघाताने गेला. वय 27. कनेक्टिकट विद्यापीठात त्याच्या नावाची संस्था आहे, ती याच विषयावर काम करते. अंगाने जाड आणि पूर्ण किट घातलेल्या लाइनमनला हा धोका सर्वांत जास्त. त्यामुळे पहिले काही दिवस फक्त हेल्मेट, मग शोल्डर पॅड, मग पूर्ण किट. आणि मैदानाच्या कडेला बर्फ-पाण्याने भरलेला मोठा टब. मुलगा उष्माघाताने कोसळला तर आधी त्याला त्या पाण्यात बसवून अंगाचा ताप उतरवायचा, मग अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घालायचं, हा क्रम आम्हा सगळ्या कोचना पाठ असतो. ऑगस्टमध्ये मैदानावर गेलो की मी आधी त्या टबात हात घालून बघतो. तुमच्या मुलाच्या शाळेत टब आहे का, दुखापती बघणारा अ‍ॅथलेटिक ट्रेनर प्रॅक्टिसला हजर असतो का, हे दोन प्रश्न टीमच्या विजयांआधी विचारा. उत्तर गोलमोल आलं तर मुलाला पाठवू नका.

कुठल्या वयात सुरू करावं याबद्दल माझं मत ठाम आहे. लहान मुलांना टॅकल फुटबॉल, म्हणजे गड्याला आडवा पाडायचा हा प्रकार, नकोच. मिडल स्कूल होईपर्यंत फ्लॅग खेळू दे, ज्यात कंबरेची पट्टी ओढली की गडी थांबतो. मुलींनाही तो खेळता येतो, आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तो येतोय. तिथे पाय चपळ होतात, खेळ कळतो. ब्लॉकिंग नंतर शिकवता येतं, मी शिकवतो. आणि मुलाला नकोच असेल तर विषय संपला. भीतीपोटी किंवा बापाच्या हौसेपोटी लाइनमध्ये बसलेलं मूल मला लगेच ओळखू येतं, आणि त्याला इजा होण्याची शक्यताही जास्त असते.

काकू, या मोसमात एका शुक्रवारी याच. तिकीट काढलं की मधल्या चांगल्या जागांकडे जाऊ नका. मैदानाच्या टोकाला, एंड झोनच्या मागे, जितकं वर चढता येईल तितकं वर जाऊन बसा. आम्ही लाइनचा व्हिडिओसुद्धा तिथूनच घेतो. बाजूने बघितलं तर नुसती गर्दी दिसते, मागून बघितलं की पाच जणांमधल्या फटी दिसतात. पहिल्या क्वार्टरमध्ये बॉलकडे बघूच नका. डाव्या गार्डवर नजर ठेवा, त्याने पहिलं पाऊल कुठे टाकलं आणि शेजारच्याकडे कोणाला सोपवलं ते बघा. बॉल कुठे गेला ते बँड वाजला की कळेलच.