तुम्ही विचारलंत म्हणून: ग्वेंटचे पत्ते घरी बनवणं कायद्यात बसतं का?

घरी कुणी आलं आणि टेबलावर ग्वेंटचा डेक दिसला की प्रश्न ठरलेले असतात. हे कुठे मिळालं, आणि घरी बनवलंय म्हटल्यावर लगेच, असं बनवणं चालतं का, कॉपीराइटचं काय? मग थोडा वेळ खेळून झालं की शेवटचा प्रश्न, मला एक सेट करून देशील का, पैसे देते ना. दर वेळी तुकड्या-तुकड्यात सांगते, आज सगळं एकदाच लिहून टाकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ग्वेंट हा ‘द विचर ३’ या व्हिडिओ गेममधला पत्त्यांचा खेळ. गेम आला २०१५ मध्ये, बनवणारी कंपनी पोलंडची, वॉर्सॉची सीडी प्रोजेक्ट रेड. त्यात तुम्ही राक्षस मारत फिरता, पण प्रत्येक खानावळीत कुणीतरी पत्ते घेऊन बसलेलंच असतं आणि मुख्य कथा बाजूला ठेवून माणसं तासन्‌तास तेच खेळत बसतात. सुरुवातीला दहा पत्ते, त्यातले दोन बदलता येतात, समोर तीन रांगा, जवळून लढणारे, लांबून मारा करणारे आणि वेढ्याची यंत्रं. तीन डावांपैकी दोन जिंकायचे. गंमत अशी की पत्ते त्या दहातच पुरवायचे असतात, त्यामुळे पहिला डाव मुद्दाम सोडून द्यायचा की नाही इथेच खरी लढाई असते, आणि हेर म्हणजे स्पाय पत्ता आपणच समोरच्याच्या बाजूला टाकायचा, त्याचे गुण वाढू द्यायचे आणि बदल्यात दोन पत्ते उचलायचे, हे पहिल्यांदा समजतं तेव्हा माणूस या खेळात कायमचा अडकतो. असा खेळ स्क्रीनवरच ठेवायचा हे मला पटेना. समोर माणूस हवा, त्याचा चेहरा वाचता यायला हवा.

आता कायदा. मी वकील नाही, पण या विषयावर मिळेल ते वाचलंय आणि माझ्या समजुतीप्रमाणे सगळा घोळ एका गोष्टीमुळे होतो, लोक खेळ आणि खेळाचं रूप या दोन गोष्टी एकच समजतात. दहा पत्ते वाटणं, तीन रांगा, हेर टाकून दोन उचलणं, ही पद्धत झाली. पद्धतीवर, कल्पनेवर कॉपीराइट नसतो. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्वच्छ सांगितलंय, तो वाद नाटक आणि सिनेमाचा होता पण तत्त्व तेच, कल्पना कुणाच्या मालकीची नाही, ती मांडली कशी त्यावर मालकी असते. आणि खेळण्याच्या पद्धतीवर पेटंट? तेही नाही, आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये खेळ खेळण्याची पद्धत हा शोध धरायचाच नाही असं लिहिलेलं आहे. अमेरिकेत ‘बँग!’ नावाच्या इटालियन पत्त्यांच्या खेळावरून असाच खटला झाला, दुसऱ्या कंपनीने नियम जवळपास तसेच ठेवून काउबॉयच्या जागी प्राचीन चीनमधली पात्रं घातली होती, आणि २०१६ मध्ये टेक्सासच्या कोर्टाने मूळ कंपनीचा दावा मान्य केला नाही. नियम सारखे असले तरी नियमांवर मालकी नाही.

पण पत्त्यावरचं चित्र, पत्त्याची चौकट, त्यावरची वाक्यं, ही मात्र कुणीतरी बसून काढलेली, लिहिलेली असतात आणि ती कंपनीच्या मालकीची. गेराल्ट, सिरी ही पात्रं तर त्याही आधीची, आंजेय सापकोव्स्की यांच्या कथांमधली. आणि ग्वेंट हे नाव, तो लोगो, ही ट्रेडमार्कची बाजू. म्हणजे प्रश्न फक्त रूपाचा उरतो.

त्यातही घरच्यासाठी केलेली गोष्ट आणि बाजारात नेलेली गोष्ट यात कायदा फरक करतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे, त्यात खासगी, वैयक्तिक वापरासाठी रास्त वापराला मोकळीक आहे. त्यातून कॉम्प्युटर प्रोग्राम वगळलेत, म्हणजे गेमच कॉपी केला आणि घरीच वापरतोय म्हटलं तर या मोकळिकीत ते बसत नाही. गेमच्या पोटातल्या फाइली उघडून चित्रं उपसायची असतील तर गेम घेताना आपण ज्या अटी मान्य केल्या त्या आधी वाचा, मी तरी त्या वाटेला जात नाही. पोलंडच्या कायद्यातही वैयक्तिक वापराची सोय आहे आणि त्यात नातेवाईक, मित्रमंडळी यांचं वर्तुळ धरलेलं आहे, मला ते फार आवडलं, कारण पत्ते एकट्याने खेळायची गोष्टच नाही. कंपनीचे स्वतःचे चाहत्यांसाठीचे नियमही आहेत. त्यांचा सूर असा की प्रेमाने काही बनवताय तर बनवा, त्यावर धंदा करू नका आणि हे अधिकृत नाही असं स्पष्ट लिहा. हे नियम बदलत असतात म्हणून सुरुवात करायच्या आधी स्वतः उघडून वाचा, माझ्या सांगण्यावर जाऊ नका.

आता विक्री. कलम ५१ प्रमाणे अशी प्रत विकणं हे उल्लंघन, आणि नुसतं वाटणंसुद्धा, जर ते धंद्यासाठी असेल किंवा मालकाचं नुकसान होईल इतक्या प्रमाणात असेल तर. कलम ६३ मध्ये सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. म्हणून “फक्त छपाईचा खर्च घे” म्हणणाऱ्यांनाही माझं उत्तर नाही असंच असतं. भीती हे अर्धंच कारण. ते चित्र काढणारा माणूस कुठेतरी वॉर्सॉत टेबलाशी बसून ते काढत होता, त्याच्या कामाचे पैसे मी घ्यायचे हे मला सहन होत नाही. शिवाय २०२५ मध्ये ग्वेंटची अधिकृत टेबलावर खेळायची आवृत्तीही जाहीर झाली, आधी तर पत्ते गेमच्या काही खास बॉक्समध्येच यायचे. ज्यांना तीच चित्रं हवीत त्यांनी ती घ्यावी, मनापासून सांगते.

मग माझ्या डेकवर काय आहे? हाच भाग मला सगळ्यात जास्त सांगायचा असतो आणि हाच कुणी विचारत नाही. माझ्या पत्त्यांवर गेममधलं एकही चित्र नाही. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, युरोपात ७०, त्यानंतर चित्र सगळ्यांचं. आणि विचरचं जग ज्या मातीतून आलंय त्या मातीतले चित्रकार केव्हाच मोकळे झालेत! पोलंडचे यान मातेइको १८९३ मध्ये गेले. त्यांचं ग्रुनवाल्डच्या लढाईचं १८७८ चं चित्र वॉर्सॉच्याच राष्ट्रीय संग्रहालयात आहे, जवळजवळ दहा मीटर लांब, आणि त्यात इतके चेहरे, इतके घोडे, भाले, चिलखतं आहेत की उत्तरेची राज्यं या गेममधल्या एका पक्षाचे बहुतेक शिपाई मला त्या एकाच चित्रातून मिळाले, एकेक चेहरा कापून घेतला की वाटतं हा माणूस पत्त्यावर यायचीच वाट बघत होता. राक्षस आणि जंगलासाठी इव्हान बिलिबिन, रशियन परीकथांची चित्रं काढणारे, १९४२ मध्ये गेले. शूर योद्ध्यांसाठी रशियाचेच चित्रकार व्हिक्टर वास्नेत्सोव्ह. वेढ्याच्या यंत्रांसाठी फ्रान्सच्या व्हियोले-ल-द्युक यांची रेखाटनं, ते वास्तुशास्त्रज्ञ होते त्यामुळे दगड फेकायच्या यंत्राचा दोर आणि खिळासुद्धा जागच्या जागी.

आणि हवामानाचे पत्ते! गेममध्ये थंडी, धुकं आणि पाऊस असे तीन असतात, एकेक रांग गारठवून टाकणारे. थंडीसाठी ब्रॉयगेलचं १५६५ चं बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र, धुक्यासाठी जर्मन चित्रकार फ्रीडरिशचा धुक्याच्या समुद्राकडे बघणारा पाठमोरा माणूस, पावसासाठी जपानी चित्रकार हिरोशिगेचा पुलावरचा पाऊस, १८५७ चा. हे तीन पत्ते शेजारी ठेवून बघितले तेव्हा मी खेळ विसरून नुसती बघत बसले होते. माझी दहावीतली भाची आता ब्रॉयगेल ओळखते, शाळेत कुणी शिकवलेला नसताना.

चित्रं घेताना एवढंच बघा की संग्रहालयाने फोटो मोकळा केलाय का. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने २०१७ पासून आपल्या लाखो फोटोंवरचे हक्क सोडलेत, आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमकडेही मोठ्या आकाराच्या फाइली मोफत मिळतात. पात्रांची नावं मी माझी ठेवलीत, आणि पाठीवर लोगो नाही, साधी वेलबुट्टी.

बनवायची रीत सोपी आहे. पत्ता अडीच बाय साडेतीन इंच, म्हणजे नेहमीच्या पत्त्याएवढा, फाइल ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ७५० बाय १०५० पिक्सेल, आणि चारही बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जादा छपाई, सोडा नाहीतर कापताना पांढरी कड येते. डिजिटल प्रिंटवाल्याकडे बारा बाय अठरा इंचाच्या शीटवर असे अठरा पत्ते बसतात. तीनशे जीएसएमचं, म्हणजे जाडसर, आर्ट कार्ड, वर मॅट लॅमिनेशन. ग्लॉस नको, ट्यूबलाइटखाली पत्ता चमकतो आणि समोरच्याला वाचता येत नाही. पुढची आणि मागची छपाई एक-दोन मिलिमीटर सरकतेच, म्हणून पाठीला चौकट काढू नका, कडेपर्यंत जाणारी सलग नक्षी ठेवा म्हणजे सरकलेलं कळत नाही. हे कळलं तर पाठीवरून पत्ता ओळखता येतो आणि मग हेर टाकण्यात काय मजा. कोपरे गोल करायचा पंच पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळतो. काही दुकानदार विचारतात की ही चित्रं कुणाची, आणि विचारायलाच हवं त्यांनी, अशा वेळी प्रत्येक चित्रकाराचं नाव आणि मृत्यूचं साल लिहिलेला कागद मी पुढे करते, तो कागद डेकच्या डबीतही असतो.

एवढं करायचं नसेल तर साध्या कागदावर प्रिंट काढा, जुन्या कॅटमधला पत्ता मागे ठेवा आणि दोन्ही एका पारदर्शक स्लीव्हमध्ये सरकवा, खेळायला तेवढं पुरतं. नियम बसेपर्यंत तर हेच करावं असं माझं मत, कारण डेकमध्ये निदान बावीस योद्धे लागतात आणि कुठले बावीस हे खेळून खेळूनच ठरतं.

आणि कायद्याची कटकट अजिबातच नको असेल तर ‘फॉलआउट: न्यू वेगस’ या २०१० च्या गेममधला कॅरव्हॅन खेळा. तो साध्या पत्त्यांवरच खेळतात, प्रत्येकाने आपला निदान तीस पत्त्यांचा डेक लावायचा, समोर तीन ओळी, प्रत्येक ओळीची बेरीज २१ ते २६ मध्ये आणायची. राजा ठेवला की त्या पत्त्याची किंमत दुप्पट, गुलामाने पत्ता उडतो, राणीने ओळीची दिशा उलटते. छापायचं काहीच नाही, चित्राचा प्रश्नच नाही, घरातले दोन कॅट काढले की झालं. फायनल फँटसी ८ मधला ट्रिपल ट्रायड तर वहीच्या पानावर होतो, तीन बाय तीनची चौकट, प्रत्येकाला पाच पत्ते, चार कडांना चार आकडे, ज्याचा आकडा मोठा त्याने शेजारचा पत्ता जिंकला. आकड्यांवर कुणाचाच हक्क नसतो.

तर सेट विकत देशील का, याचं उत्तर नाही. पण माझ्या चौकटीची कोरी फाइल, मी माझ्या शब्दांत लिहिलेले मराठी नियम आणि चित्रकारांची ती यादी, हे सगळं कुणालाही देते, फुकट, बाकीचं तुम्ही करा.

माझा स्केलिगेचा, म्हणजे बेटांवरच्या दर्यावर्दींचा डेक अजून व्हायचाय. त्यासाठी निकोलस रोरिक ठरवलेत, त्यांचं १९०१ चं परदेशी पाहुण्यांच्या जहाजांचं चित्र आहे, लाल शिडं, निळं पाणी, अगदी तेच हवं होतं. हा रशियन चित्रकार १९४७ मध्ये आपल्याकडे, कुलूजवळच्या नग्गरला वारला, त्यामुळे ६० काय आणि ७० काय, दोन्ही हिशेबांनी ती चित्रं मोकळी झालीत. फक्त त्या चित्राचा हक्क सोडलेला, मोठ्या आकाराचा चांगला फोटो मी शोधतेय, कुणाला सापडला तर कळवा.