टीव्ही बंद ठेवायचा, तर सगळ्यांनी एकदम

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात ऑगस्ट २०२२पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन वर्गांसाठी पोरांच्या हातात आलेले मोबाइल शाळा उघडल्या तरी सुटेनात, म्हणून ग्रामसभेत हे ठरलं. आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त गुरुजी दारोदार फिरले.

यातलं मर्म म्हणजे सगळ्यांची वेळ एकच. आतल्या खोलीत मुलांना अभ्यासाला बसवायचं आणि बाहेर मालिका चालू ठेवायची, हे दोन-चार दिवसही टिकत नाही. संवाद ऐकू आले की मान वळणारच.

घरातली वेळ ठरवताना आधी आजींची मालिका कितीला लागते ते बघा. तिच्यावर घाला घातलात तर बेत तिथेच बारगळला. ती अर्ध्या तासाची असते, तेव्हा ती होऊ द्या आणि पुढचा तास-दीड तास बंद ठेवा. इतरांचे भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवतात.

टीव्ही रिमोटने नको, भिंतीवरच्या बटणाने बंद करा. सेट-टॉप बॉक्स पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो. सवयीने गेलेला हात तेवढ्यात थांबतो. मोबाइल स्वयंपाकघरात एकाच जागी चार्जिंगला लावा. हे राहिलं, तर टीव्ही बंद आणि जो तो आपापल्या मोबाइलमध्ये, असंच होतं. यूट्यूब, नेटफ्लिक्सवरचा ऑटोप्ले बंदच करा. मालिकेचा भाग मुद्दाम उत्सुकता ताणून संपवलेला असतो, म्हणून भाग संपायची वाट न बघता मधल्या जाहिरातीत उठणं सोपं जातं.

जेवताना टीव्ही नकोच. नजर पडद्यावर असली की पोट भरल्याचं उशिरा कळतं. लहान मुलांचं तर फार जपायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्येच सांगितलंय, वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास. डब्याला टेकवलेला मोबाइल आणि समोर आ वासून बसलेलं पोर, ही भरवण्याची पद्धत आधी सोडा. पहिले काही दिवस ते कमी जेवेल, रडेल. तरी मोबाइल पुढे करू नका. त्याला आपल्या पंगतीत बसवा, हाताने खाऊ द्या, सांडू द्या.

मॅच असेल त्या दिवसाची सूट सकाळीच ठरवा. ऐन सातला वाद घालून मिळवलेली सूट दुसऱ्या दिवशीही मागितली जाते.