हळदीच्या मालिकेचे वर्ष: प्रायोजित पॉडकास्ट करतानाचा माझा अनुभव

पुण्यातील आमच्या लहानशा ऑडिओ स्टुडिओचे गेले वर्ष दोन प्रकारच्या कामांत वाटले गेले होते. एकीकडे आम्ही स्वतःच्या खर्चाने चालवत असलेले मराठी पॉडकास्ट होते, ज्यांचे श्रोते निष्ठेने ऐकतात पण ज्यांतून उत्पन्न नाममात्र मिळते. दुसरीकडे प्रायोजकांच्या पैशांवर उभ्या राहणाऱ्या कथामालिका होत्या आणि जागेचे भाडे, संकलकांचे पगार त्यांच्यातूनच निघत होते. त्यांपैकी एका मालिकेची निर्माती म्हणून मी पहिल्या बैठकीपासून शेवटचे बिल वसूल होईपर्यंतचे सगळे काम पाहिले. प्रायोजकाचे पैसे घेतले की गोष्ट त्याच्या सोयीची होणारच, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. मला ते मान्य नाही. कोणत्या वाक्यावर कोणाचा अधिकार चालेल हे ध्वनिमुद्रणाआधी कागदावर ठरले, तर गोष्ट सच्ची राहू शकते, असे या वर्षाने मला पुरेपूर पटवले.

प्रायोजक मसाल्यांची एक कंपनी होती आणि विषय होता सांगलीची हळद, जिला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कंपनीच्या जाहिरात एजन्सीला सगळे भाग एका महिन्यात हवे होते. हळद हे सुमारे नऊ महिन्यांचे पीक आहे. अक्षय्य तृतीयेपासून लागवड सुरू होते, पावसाळाभर भरणी (रोपांना मातीची भर देणे) आणि खते चालतात, काढणी साधारण जानेवारीपासून पुढे होते, आणि त्यानंतर हळद शिजवणे, वाळवणे व पॉलिश करणे असते. लागवडीच्या दिवसांत काढणीचा आवाज कुठून आणणार, हा साधा प्रश्न आम्ही बैठकीत विचारला आणि मालिका पिकाच्या वेळापत्रकाप्रमाणे करण्याचे ठरले.

कराराला मात्र फार वेळ लागला. एजन्सीच्या छापील मसुद्यात सर्व मजकुराला अंतिम मान्यता देण्याचा अधिकार सर्वस्वी प्रायोजकाचा असेल, असे कलम होते. एवढे एक वाक्य तसेच राहिले असते, तर पुढची सगळी मेहनत जाहिरातीच्या खात्यात जमा झाली असती. आम्ही त्याऐवजी स्वतंत्र परिशिष्ट जोडले: कंपनीविषयीचा उल्लेख तेवढा कंपनीने तपासावा, इतर मजकुरात वस्तुस्थितीची चूक असेल तर पुराव्यासह दाखवावी, आणि शेतकरी, हमाल, अडते यांनी आपल्या अनुभवाविषयी सांगितलेले बोल बदलण्याचा किंवा काढण्याचा अधिकार प्रायोजकाला नसावा. दुरुस्त्यांच्या फेऱ्याही मोजून ठरवल्या. कंपनीच्या विधी विभागाशी पत्रव्यवहार लांबला, पण सही होईपर्यंत आम्ही रेकॉर्डर बाहेर काढला नाही.

प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणातला सर्वांत मोलाचा भाग आम्हांला हरिपूरला मिळाला. सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचे हे गाव हळद साठवण्याच्या पेवांसाठी प्रसिद्ध आहे. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले, तोंडाशी अरुंद आणि आत पोट सुटलेले कोठार. इथली माती अशी की नीट बंद केलेल्या पेवात हळद वर्षानुवर्षे टिकते. 2005 च्या महापुरात अनेक पेवांत पाणी शिरले आणि गोदामे व शीतगृहांकडचा ओढा वाढला. ज्या वृद्ध गृहस्थांनी आम्हांला पेव दाखवले, त्यांनी आमच्या ध्वनिमुद्रकाला आत उतरण्यापासून हात धरून थांबवले. "ताई, पेव उघडलं की लगेच कुणी आत जायचं नसतं," ते म्हणाले. "आधी आतली कोंडलेली हवा निघू द्यायची, मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही." आम्ही माइक दोरीला बांधून खाली सोडला. हेडफोनमध्ये वरच्या रस्त्याचा आवाज हळूहळू पुसट होत गेला आणि माइक टेकला तेव्हा त्यांचे बोलणे दाट, कोरडे, अजिबात न घुमणारे असे ऐकू आले. तो आवाज आम्ही कोणतीही प्रक्रिया न करता तसाच वापरला.

बाजारात अडचण निराळी होती. एक जुने हमाल पूर्वीच्या सौद्यांविषयी सांगत होते, म्हणजे रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची ती पद्धत, ज्यात शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही आपल्या मालाचा भाव कळत नसे. बोलणे अप्रतिम होते, पण मागच्या चहाच्या टपरीवर चित्रपटातले गाणे वाजत होते. प्रायोजित मालिकेत असे गाणे परवान्याशिवाय राहू देणे 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या दृष्टीने धोक्याचे असते, आणि बोलण्याखालून गाणे सफाईने काढता येत नाही. टपरीवाल्याला विनंती करून आम्ही तेच बोलणे पुन्हा घेतले आणि जागेचा नुसता आवाज वेगळा टिपून ठेवला, ज्यावर संकलनातले जोड झाकता येतात. हे काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आग्रहाने सांगेन की कुठल्याही जागेवरून निघण्यापूर्वी तिथली शांतता मुद्रित करून घ्या.

कराराची खरी कसोटी पहिला कच्चा भाग पाठवल्यावर लागली. कंपनीकडून दोन मागण्या आल्या. हळद रोगप्रतिकारशक्ती वाढवून आजार दूर ठेवते, असे निवेदकाने म्हणावे, ही पहिली. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांविषयीचे एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, 2018 चे नियम दाखवून, अन्नपदार्थ आजार टाळतो किंवा बरा करतो असे सांगता येत नाही, हे आम्ही लेखी कळवले आणि तो विषय तिथेच संपला. दुसरी मागणी मला अधिक गंभीर वाटली. आपल्याला क्विंटलमागे मिळणारा भाव आणि दुकानातल्या पाकिटावरची किंमत यांचा मेळ बसत नाही, असे एका शेतकरी महिलेने सांगितले होते, आणि ते वाक्य काढावे असा कंपनीचा आग्रह होता. आम्ही परिशिष्टातले कलम पुढे ठेवले. वाळवणातली घट, पॉलिश, दळण, वाहतूक आणि विक्रेत्यांचे कमिशन यांविषयी कंपनीला आपली बाजू मांडायची असेल, तर तिच्या खरेदी अधिकाऱ्याची मुलाखत त्याच भागात घेऊ, असेही सुचवले. त्यांनी ते स्वीकारले. त्या बाईंचे वाक्य राहिले, अधिकाऱ्यांचे उत्तरही राहिले, आणि तो भाग मला संपूर्ण मालिकेत सर्वांत सकस वाटतो.

पैसे कोणी दिले हे श्रोत्याला कसे सांगायचे, यावरही चर्चा झाली. जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे एएससीआयच्या, इन्फ्लुएन्सर जाहिरातींसाठीच्या 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ध्वनिमाध्यमाविषयी स्पष्ट सूचना आहे: जाहिरात असल्याची घोषणा सुरुवातीला, शेवटी आणि मधल्या प्रत्येक विश्रांतीच्या आधी व नंतर व्हावी. आम्ही तोच नियम आमच्या मालिकेला लावला. वारंवार नाव घेतल्याने श्रोता कंटाळेल अशी एजन्सीला भीती होती. 1952 मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाला'च्या शीर्षकातच टूथपेस्टचे नाव होते आणि देशभरातले लोक ते नाव घेऊनच कार्यक्रमाची वाट पाहत असत, याची मी त्यांना आठवण करून दिली. श्रोत्याला राग येतो तो लपवाछपवीचा.

प्रकाशनाच्या तांत्रिक बाजू लवकर उरकल्या. ॲपल पॉडकास्टच्या शिफारशीप्रमाणे आवाजाची पातळी उणे 16 एलकेएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे एकक) आसपास ठेवली. आकड्यांविषयी मात्र प्रायोजकाला बसून समजावून सांगावे लागले, कारण त्यांना व्हिडिओप्रमाणे व्ह्यूज हवे होते. आयएबी या डिजिटल जाहिरात क्षेत्रातल्या संघटनेच्या मोजणीत किमान एक मिनिटाचा आवाज उतरला तरच डाउनलोड धरतात, आणि एकाच उपकरणाने चोवीस तासांत पुन्हा मागितलेला तोच भाग दुसऱ्यांदा मोजत नाहीत. त्यामुळे हे आकडे लहान दिसतात, पण ते अधिक विश्वासार्ह असतात. भाग शेवटपर्यंत किती जण ऐकतात, ही माहिती आम्ही अहवालात सर्वांत वर ठेवली.

शेवटचा टप्पा वसुलीचा. बिल फाडले की पैसे हातात येवोत वा न येवोत, 18 टक्के जीएसटी ठरलेल्या मुदतीत भरावाच लागतो, आणि लहान स्टुडिओचे कंबरडे इथेच मोडते. आमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, असल्यामुळे 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार 45 दिवसांपलीकडची उधारी करारातही मान्य करता येत नाही. त्यात 1961 च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम 43बी (एच)मुळे मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नव्हती. कंपनीच्या लेखा विभागाला हे कलम चांगले ठाऊक होते. उद्यम क्रमांक बिलावर ठळक छापल्यानंतर आणि मार्चअखेर जवळ आल्यावर थकलेली रक्कम टीडीएस वजा होऊन जमा झाली.

त्याच कंपनीने आता दुसऱ्या पिकावरच्या मालिकेविषयी विचारणा केली आहे. आम्ही त्यांना सर्वांत आधी तेच परिशिष्ट पाठवले असून, या वेळी त्यात एक ओळ वाढवली आहे: मालिकेत बोलणाऱ्या शेतकऱ्यांना आणि कामगारांना त्यांच्या वेळेचा मोबदला मालिकेच्या अंदाजपत्रकातून द्यावा, आणि तो ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच द्यावा.