मागच्या सीटवरचा पट्टा

वैशाखातल्या दुपारी उन्हात उभी ठेवलेली गाडी उघडल्यावर आधी चारही दारे उघडून आतली धग बाहेर जाऊ द्यायची असते, हे सोलापुरात कोणाला शिकवावे लागत नाही. दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला माझा भाचा सात रस्त्याजवळ घाईने मागे बसला, सीट बेल्टच्या धातूच्या पट्टीला त्याचे बोट लागले आणि "मामा, भाजतंय हे!" म्हणत त्याने ती सोडून दिली. पट्टा सर्रकन आत गेला. त्या एका चटक्यावर त्याने अख्खा उन्हाळा काढायचे ठरवले असावे.

कारणांचा तुटवडा त्या वयात कधीच नसतो. इस्त्रीचा शर्ट चुरगळतो, पार्क चौकापर्यंत तर जायचे आहे, पोलीस काय मागे वाकून बघतोय का, आणि सर्वांवर कडी म्हणजे "एअरबॅग आहे की!" माणूस पट्ट्याने जागेवर धरलेला आहे असे गृहीत धरूनच ती पिशवी बनवलेली असते, हे मी सांगितले, ते खिडकीबाहेर गेले. मग मी कायदा काढला. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार प्रवाशाने पट्टा लावला नसला तरी गाडी चालवणाऱ्याला 1000 रुपये दंड होतो, असे मी गंभीरपणे सांगितल्यावर तो तितक्याच गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे तुम्हालाच ना?"

मागून 'टक्' असा आवाज आल्याखेरीज मी गिअर टाकत नाही, ही माझी खोड घरात आता सर्वांना पाठ आहे. "रिक्षा केली असती तर एव्हाना पोचलो असतो," असे ताई दर वेळी म्हणते आणि म्हणता म्हणता पट्टा लावते.

या मुलांना दोष तरी किती द्यावा? आमच्या लहानपणी नवरात्रात तुळजापूरला जायचे म्हणजे वडापची जीप. आत माणसांवर माणसे, मांड्यांवर पोरे, पोरांच्या मांडीवर नारळाच्या पिशव्या. चालकाचा अर्धा देह दाराबाहेर आणि ते दारही सुतळीने बांधलेले. पण खरा मान होता मागच्या पायरीवर उभे राहून शिडीला लटकणाऱ्याचा. ज्याला मिसरूड फुटली त्याला ती जागा मिळे, आणि आम्ही आतून त्याच्या वाऱ्यावर उडणाऱ्या सदऱ्याकडे हेव्याने बघत असू. आज मागच्या सीटवर पट्टा न लावता ऐसपैस बसणारा मुलगा त्याच पायरीवर उभा आहे, असे मला वाटते. आम्ही असेच वाढलो, आमचे काय बिघडले, असे त्याला सांगणारी वडील मंडळीही प्रत्येक घरात असतात. ज्यांचे बिघडले ते गप्पांना येत नाहीत, एवढेच.

आमच्या दाजींचेच बघा. पट्टा न लावता गाडीची टूं-टूं बंद व्हावी म्हणून त्यांनी खाचेत नुसतीच एक क्लिप खोचून ठेवली आहे. 2023 साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांना या क्लिपा विक्रीतून काढून टाकण्याचा आदेश दिला, तरी दाजींची क्लिप आहे तिथेच आहे. बाप पुढे क्लिप खोचणार आणि मामा मागच्याला उपदेश करणार, यात मुलाने कोणाचे ऐकावे? 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघरजवळच्या अपघातात मागे पट्ट्याविना बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा दाजीसुद्धा काही दिवस मागच्यांना "लावा रे" म्हणत होते. स्वतःची क्लिप मात्र त्यांनी तेव्हाही काढली नाही.

भाच्याने पहिल्यांदा पट्टा नीट हातात घेतला तो आमच्या शेजारच्या काकांमुळे. काकांचे आयुष्य मागावर गेले, त्यामुळे विणलेली कोणतीही वस्तू दिसली की त्यांचा अंगठा आपोआप तिच्या काठावरून फिरतो. रुग्णालयात जाताना मागे बसल्या बसल्या त्यांनी पट्टा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "वीण बघ, नवारीसारखी आहे, पण काठ कुठं सुटत नाही." पॉलिस्टरचे शेकडो उभे धागे त्यात घट्ट बसवलेले असतात आणि धक्का बसला की ते किंचित ताणले जावेत अशीच त्यांची योजना असते, हे मी समोरून सांगत होतो. एवढ्यात भाच्याला दुसरीच गंमत सापडली. हळू ओढला की पट्टा येतो, हिसका दिला की अडतो. हे कसे, म्हणून तो पार सिव्हिलपर्यंत हळू आणि हिसका, हळू आणि हिसका असे करत राहिला.

1959 साली व्होल्वोत हा तीन बिंदूंचा पट्टा तयार करणारे निल्स बोलिन त्याआधी लढाऊ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत होते, आणि कंपनीने ते पेटंट इतर कारखान्यांनाही खुले ठेवले, हे त्याने चक्क ऐकून घेतले. दहावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यातले समीकरण वापरून ताशी 50 किलोमीटरच्या वेगाने आदळणे म्हणजे किती उंचीवरून पडणे, याचा हिशोबही त्यानेच मोबाइलवर मांडला. उत्तर आले सुमारे दहा मीटर. तीन मजले. मागचा मोकळा माणूस या वेगाने पुढच्या सीटवर, म्हणजे पुढे बसलेल्या त्याच्या आईच्या पाठीवर जाऊन आदळतो, हे मी त्यात घातले. तो काही बोलला नाही. काकांचा पट्टा नीट बसला आहे का, हे मात्र त्याने वाकून पाहिले.

माझ्या गाडीत तो आता पट्टा लावतो. मित्रांच्या गाडीत काय करतो, हे मला ठाऊक नाही. दोन-तीन वर्षांत तो अठरा पूर्ण करील, परवाना काढील आणि रात्री चहा प्यायला म्हणून चार मित्रांना घेऊन पुणे रस्त्याने मोहोळपर्यंत जाईल. तेव्हा मागच्यांना "लावा रे" म्हणायची त्याला लाज वाटेल का, असे मी परवा त्याला विचारले.

"बघू की," म्हणाला.