डाव्या दिव्याची चंदेरी

सकाळपासून पावसाची धार तुटलेली नाही. डिचोलीत असा पाऊस लागला की कपाटातली पुस्तकंसुद्धा ओलसर लागतात. अशा हवेत मॉरिस, डिंकी ब्रँडची ही जुनी खेळण्यातली गाडी, धुवायला घ्यायचीच नव्हती. डाव्या दिव्यावरची चंदेरी गेली. तांदळाच्या कणीएवढी, पण गेली.

कोमट पाणी वाटीभर, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, कोपऱ्यांना कापसाची काडी. सगळं नेहमीचंच. पण बॉडीच्या रंगाला जेवढा जोर चालतो तेवढाच दिव्यावर दिला. डिंकीच्या या जुन्या गाड्यांत दिव्यांची चंदेरी मूळ रंगावर वरून पातळ मारलेली असते. तिथे घासायचं नसतं, ओला कापूस नुसता टेकवायचा. ठाऊक असून हात चालला, ते डोक्यातून जात नाही. माईंना काय सांगायचं, ते उद्या बघू.

फळीवर चंदेरी इनॅमलची बाटली आहे. बारीक ब्रशाचा एक थेंब पुरेल. पण दहापट भिंगाखाली ब्रशाची कड लपत नाही. आणि घेणाऱ्याला एक जागा सापडली की तो अख्ख्या गाडीवर संशय घेतो, उलटी करून बुडाचे रिव्हेट बघतो. हिचे रिव्हेट कारखान्यातून आले तसेच आहेत.

पूर्ण रंगवायची तर रिव्हेटच्या फक्त डोक्यावर ३ मिलिमीटरचं ड्रिल फिरवून बूड सुटं करायचं, रिमूव्हरने रंग उतरवायचा, प्रायमर, मग रंगाचे दोन-तीन पातळ हात. कॉस्टिक सोडा नको, गाडी जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि सोडा जस्तालाच खातो. चिंच, बिंबलं, व्हिनेगर तांब्याच्या कळशीला चालतात, हिला नाही. निम्म्याहून जास्त रंग उडालेल्या गाडीवर एवढी मेहनत घ्यावी. हिच्या छपरावर दोन टवके आहेत, बाकी रंग जागच्या जागी. संग्राहक पैसे मोजतो ते त्या रंगाचे.

टायर मात्र बदलले. रबर कडक होऊन चिरलं होतं. जुने चारही पुडीत बांधून गाडीबरोबरच जातील, हवे तर परत चढवता येतील. चंदेरी तशी परत चढवता येत नाही. पुन्हा तिथेच आले.

दुपारी भिंगातून बोनेटजवळ एक रेघ दिसली आणि धस्स झालं. जस्तात शिशाची भेसळ झालेली असेल तर धातू आतून फुगतो, तडकतो. दमट हवेत लवकर. त्यावर उपाय नाही. महायुद्धाआधीच्या गाड्यांना हे जास्त होतं, ही १९५०च्या दशकातली, तरी भीती वाटलीच. नख फिरवलं, अडलं नाही. बूड सपाट, दोन्ही बाजू सरळ. रेघ रंगातलीच होती. त्यानंतर दिव्याकडे पाहिलं तेव्हा ती कणी कणीएवढीच दिसली.

बाटली परत फळीवर ठेवली. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात न्यायची नाही, पाऊस ओसरू दे. रंगाला चिकटतो म्हणून फुग्यांचा प्लास्टिक कागद नाही, मऊ टिश्यूत गुंडाळून सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवली. चिठ्ठी लिहिली: ‘डाव्या दिव्यावरची चंदेरी धुताना गेली, रंगवलेली नाही. टायर नवे, जुने सोबत.’